पहिला मांडा देवाचा, दुसरा कुणाचा?

मैत्रिणींनो, हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. प्रश्न अगदी सोपा आहे. तुम्हांला सकाळी नाश्त्याला काय आवडतं? आणि गोडात काय आवडतं?

थांबा हं! 'आमच्या ह्यांना पोहे लागतात' हे उत्तर नको. 'मुलांना शिरा आवडतो' हेही नको. ह्यांच्या आणि मुलांच्या आवडीनिवडी तुम्हांला पाठ असणार, ह्याबद्दल मला मुळीच शंका नाही. कुणाला कांदा बारीक चिरलेला हवा, कुणाच्या भाजीत कढीपत्ता चुकूनही यायला नको, हे आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मी विचारते आहे ते तुमचं. तुमचं स्वतःचं.

बघा, जरा अडखळलात ना? अडखळलात म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आमच्या नंदुरबारच्या भिशीत आम्ही अकरा जणी, अकराच्या अकरा अडखळलो होतो!

भिशीतला खेळ

झालं असं. गेल्या वर्षी भिशी माझ्या घरी होती. चिठ्ठी निघाली, पैसे मोजून झाले, खाणं झालं. नेहमीप्रमाणे साड्यांवर आणि सुनांवर गप्पा सुरू होणार, तेवढ्यात मला काय सुचलं कोण जाणे! म्हटलं, 'आज एक खेळ खेळू या. प्रत्येकीनं आपल्या आवडीचा एक नाश्ता आणि एक गोड पदार्थ सांगायचा. अट एकच. घरातल्या दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही.'

सुरुवातीला नुसता हशा. 'अगं, उखाण्यात नाव घ्या म्हणतात, इथं नाव घ्यायचं नाही म्हणे!' पण खेळ सुरू झाला आणि हळूहळू हशा थांबला. पहिलीच म्हणाली, 'मला ना... काहीही चालतं.' दुसरी म्हणाली, 'जे उरेल ते.' ती हे हसत हसत म्हणाली, पण तिच्या शेजारची हसली नाही. तिसरीनं 'आमच्या घरी...' असं म्हणून सुरुवात केली, तिला आम्ही सगळ्यांनी ओरडून बाद केलं.

मग मात्र ज्या आठवू लागल्या, त्यांची उत्तरं ऐकण्यासारखी होती. तुम्हांला सांगते, आमचा हा जिल्हा म्हणजे ताटातल्या निरनिराळ्या वाट्यांसारखा आहे. १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला, पण त्याच्या पोटात सहा तालुके आणि सहा तऱ्हा. उत्तरेला सातपुडा आणि पलीकडे नर्मदा, मधून तापी, पश्चिमेला गुजरात. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर असं की त्याचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत! मग नाश्त्याचं काय विचारता? रविवारी सकाळी एका घरात फाफडा-जिलेबीचा पुडा सुटतो, दुसऱ्या घरात खमण, तर तिसऱ्या घरात रात्रीची भाकरी दह्यात कुस्करून वर लसणाची फोडणी.

शहाद्याकडच्या वहिनींनी नेमकी तीच कुस्करलेली भाकरी सांगितली. 'शिळी दादरची भाकरी, घट्ट दही आणि वरून लाल मिरचीची फोडणी. पण पाहुण्यांसमोर मी कधी खात नाही, लाज वाटते.' दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी बरं का! तापीकाठच्या काळ्या जमिनीत, पावसाळ्यानंतर मुरलेल्या ओलीवर येणारी. तिची भाकरी पांढरीशुभ्र आणि गोडसर लागते.

नवापूरकडच्या शिक्षिका आमच्या गल्लीत राहतात. त्या म्हणाल्या, 'नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ. लहानपणी आई सकाळी चुलीजवळ बसवून द्यायची. नोकरीला लागल्यावर इथं बिऱ्हाड केलं. शेजारी काय म्हणतील म्हणून काळी भाकरी करायची सोडली. डब्यातही पोळीच नेते.' आणि गोडात? 'मोहाच्या फुलांचे लाडू.' आमच्यापैकी चौघींनी मोहाचं नाव फक्त दारूसाठीच ऐकलेलं! त्यांनी समजावून सांगितलं की वाळवलेली फुलं मनुकांसारखी गोड होतात, ती भाजून तीळ किंवा शेंगदाणे घालून कुटायची, साखर-गुळाची गरजच नाही. पुढच्या भिशीला त्या घेऊन आल्या. डबा दहा मिनिटांत रिकामा!

आणखी एक जण म्हणाली, 'ओला बिबडा.' हे ऐकून आम्ही सगळ्याच 'हो गं!' म्हणून ओरडलो. उन्हाळ्यात ज्वारी भिजवून, भरड दळून, लसूण, मिरची, जिरं, तीळ घालून शिजवायची आणि गच्चीवर कापडावर थापायची. ते अर्धवट वाळलेले बिबडे तेल आणि शेंगदाण्यांबरोबर खायचे. खरं तर ते वर्षभराच्या साठवणीसाठी असतात, पण निम्मे तिथंच संपतात. ती म्हणाली, 'लग्नाआधी मी निम्मे संपवायची. लग्नानंतर मी राखण करते. खातात ती मुलं.'

माझं उत्तर

माझी पाळी शेवटी आली. मी मूळची रत्नागिरीकडची. १९८६ साली लग्न होऊन नंदुरबारला आले. कुठे कोकण आणि कुठे खानदेश! माहेरी नारळ, इथं शेंगदाणे. माहेरी भात, इथं भाकरी. गावात शिरलं की आधी मिरचीचा ठसका लागायचा. आजही लागतो. दिवाळीनंतर बाजारात लाल मिरचीचे ढीग येतात आणि गावाबाहेर पथारींवर मिरची वाळत पडते. दुरून पाहिलं तर जमिनीवर कुणी लाल लुगडी वाळत घातलीत असंच वाटावं. त्या पथारीवर दिवसभर बसून मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायका पाहिल्या, की आपल्या डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या फोडणीची तक्रार करायची लाज वाटते.

तर सांगत होते माझ्या आवडीचं. माझा आवडता नाश्ता म्हणजे मऊ भात. तांदूळ जरा जास्त पाण्यात गुरगुट्या शिजवलेला, वर मेतकूट, तूप, मीठ आणि बाजूला लिंबाच्या लोणच्याची फोड. बस्स! आमच्या माहेरी सकाळी हेच असे. लग्नानंतर आठ-दहा दिवसांनी मी मोठ्या हौसेनं केला. सगळ्यांनी पानात पाहिलं आणि एकमेकांकडे पाहिलं. सासूबाई अहिराणीत म्हणाल्या, 'हाई ते आजारी मानूसनं जेवण शे!' म्हणजे, हे तर आजारी माणसाचं जेवण आहे. त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. सगळे हसले, मीही हसले. पण त्यानंतर मी मऊ भात केला तो खरोखरच कुणी आजारी पडलं तरच. स्वतःसाठी कधी नाही. आणि गोडात घावनाबरोबरचा नारळाचा गूळ घातलेला रस, तो तर मी विसरूनच गेले होते.

बघा मैत्रिणींनो, कुणी मला बंदी केली नव्हती. घरात तांदूळ होते, तूप होतं. मनाई मीच मला केली. आपल्यातल्या कितीजणींचं असंच होत असेल!

चहा, आणि मग थेट जेवण

तुम्ही म्हणाल, आवडीनिवडीचं एवढं काय घेऊन बसलात? घर चालवायचं म्हणजे बाईनं जरा मागे राहायचंच. मीही असंच समजत होते. पण ह्या मागे राहण्याचं बिल एक दिवस माझ्या हातात आलं.

मी बेचाळीस वर्षांची असेन. जिना चढताना धाप लागायला लागली. दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येई. केस मूठमूठ गळत. मला वाटलं वय झालं! डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ७.८. बाईचं हे प्रमाण १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मग पेन खाली ठेवून विचारलं, 'सकाळी काय खाता?'

'चहा.'

'चहा पिता. खाता काय?'

'मग जेवणच.'

'किती वाजता?'

'सगळ्यांचं झालं की.'

'म्हणजे किती वाजता?'

मला सांगता येईना. कधी दीड, कधी अडीच. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, 'घरात सगळ्यांत आधी उठणारी तुम्ही आणि सगळ्यांत शेवटी खाणारीही तुम्हीच. गाडी पेट्रोलशिवाय किती चालवाल?'

ही काही माझ्या एकटीची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी देशात शंभरातल्या ५७ जणींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. आपल्या महाराष्ट्रात शंभरातल्या ५४. म्हणजे आमच्या अकराजणींच्या भिशीत हिशोबानं सहाजणी! आणि गंमत म्हणावी की दुर्दैव, लोहाची गरज बाईलाच पुरुषापेक्षा जास्त. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं, तर मासिक पाळी सुरू असलेल्या बाईला २९. आपण मात्र पानं वाढताना नेमकं उलट करतो. भाजीचा मोठा डाव त्यांच्या पानात आणि कढईला लागलेलं आपल्या पानात.

आमच्या जिल्ह्यात शंभरातली जवळजवळ ६९ माणसं आदिवासी आहेत. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात बायकांचे हाल आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. एप्रिल-मे महिन्यांत त्या कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात वाळवून आमचूर करतात. आपल्या आमटीतली आंबट चव त्यांच्या हातची असते. आदिवासी भागातल्या गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम ह्यांच्या नावानं अमृत आहार योजना सुरू झाली. अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण गरम जेवण. मला त्यातली एक गोष्ट फार पटली. शिधा घरी दिला तर तो सगळ्यांत वाटला जातो आणि आईच्या वाट्याला पुन्हा तळच येतो. इथं आईनं स्वतः बसून जेवायचं असतं. डोंगरातल्या बाईसाठी जे सरकारला सुचलं, ते शहरातल्या आपल्या स्वयंपाकघरात आपल्याला का सुचू नये?

सासूबाईंचा विचार

भिशीच्या त्या रात्री मला झोप लागेना. म्हटलं, आपण अकराजणींना विचारलं, पण घरातल्या बाईला विचारलंच नाही. माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. दात नाहीत, पण कान तल्लख. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पायांना तेल लावताना विचारलं, 'आई, तुम्हांला काय खायला आवडतं हो?'

'माले? माले सगळंच चालस.'

'चालतं ते नको. आवडतं ते सांगा.'

त्या गप्प. मग म्हणाल्या, 'माले कोनी इचारंच नही.' मला कुणी विचारलंच नाही. तक्रार नव्हती ती. आज पाऊस नाही म्हणावं तशा सुरात म्हणाल्या. मी मात्र तेलाची वाटी हातात घेऊन तशीच बसून राहिले. ह्या घरात मीच अडतीस वर्षं होते ना? मीसुद्धा नव्हतं विचारलं. मऊ भातावर त्या हसल्या हे माझ्या लक्षात राहिलं, पण त्यांनी स्वतः काय खाल्लं हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा दिला तर कप बाजूला ठेवून म्हणाल्या, 'खापरवरना ऊन मांडा.'

खापरावरचे मांडे म्हणजे आमच्या खानदेशचं वैभव! पुरणपोळीच, पण पोळपाट-लाटण्यावर पूर्ण होत नाही. कणीक सैलसर मळून तेलात चांगली तिंबायची, दोन लहान पुऱ्यांच्या मध्ये पुरण भरायचं आणि मग दोन्ही हातांवर खेळवत खेळवत ती सुपाएवढी करायची. चुलीवर मोठं मातीचं खापर पालथं घातलेलं असतं, त्याच्यावर ती अलगद टाकायची. एक क्षण चुकला की भोक. बरोबर आमरस, झणझणीत रशी, कुरडया, भजी. आखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला घरोघर हाच बेत. आमच्याकडे आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. दिवाळीपेक्षा लेकींना आखाजीची ओढ जास्त!

मी म्हटलं, 'आई, मांडे तर दर आखाजीला होतात. तुम्हीच करत आलात.'

तेव्हा त्यांनी सांगितलं. पंधरा वर्षांच्या असल्यापासून मांडे करायला त्याच खापरासमोर बसत. चाळीस-चाळीस मांडे. गडी जेवायचे, मुलं जेवायची, माहेरवाशिणी जेवायच्या. शेवटचा मांडा खापरावरून उतरेपर्यंत तिसरा प्रहर. धुरानं आणि आचेनं जीव नकोसा झालेला. मग त्या जेवायला बसत तेव्हा मांडे गार होऊन वातड झालेले. खापरावरून उतरलेला, वाफ निघणारा, वर तूप टाकलं की लगेच विरघळणारा मांडा त्यांनी आयुष्यभर शेकडोंनी लोकांना वाढला. खाल्ला तो फक्त माहेरी, लग्नाआधी. आईच्या हातचा.

'पहिला मांडा देवना,' त्या म्हणाल्या. आणि मग थोडं थांबून, लाजून, लहान मुलीसारख्या, 'दुसरा मना.'

पहिला देवाचा. दुसरा माझा.

आपल्या आवडीला जागा कशी करायची?

पुढं काय झालं ते शेवटी सांगते. आधी जरा कामाचं बोलू या. कारण नुसतं डोळ्यांत पाणी आणून घर चालत नाही. मी स्वतः करून पाहिलेल्या ह्या चार गोष्टी आहेत. ह्यांना खर्च नाही, भांडणही नाही.

पहिली गोष्ट, सकाळी उठल्यापासून दोन तासांच्या आत काहीतरी चावून खायचं. चहा-बिस्किट हे खाणं नव्हे. कामं पडली असतील तर उभ्यानं खा, पण खा. मी सुरुवातीला गजराचं घड्याळ लावत असे. घरातले हसले, मग त्यांना सवय झाली. आता साडेआठ वाजले की नातूच ओरडतो, 'आजी, तुझी भाकरी!'

दुसरी, चहा आणि जेवण ह्यांच्यात अंतर ठेवायचं. जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी घेऊ नये असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शनात सांगितलं आहे. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. उलट लिंबू, आवळा, पेरू, पिकलेली पपई ह्यांतल्या क जीवनसत्त्वानं ते जास्त शोषलं जातं. शहाद्याच्या पपया आमच्याकडे ढिगांनी येतात. गरोदर बाईनं मात्र कच्ची पपई टाळावी. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही चहाबरोबर घेऊ नका. आणि सारखा थकवा असेल तर घरगुती उपायांवर विसंबू नका, रक्त तपासून घ्या. आमच्या भागात सिकलसेलही आढळतो, तेव्हा कारण कोणतं हे डॉक्टरांनीच सांगायचं.

तिसरी, आठवड्यातला एक दिवस आपल्या नावाचा. आमच्या घरी कागद चिकटवला आहे. सोमवार नातवाचा, मंगळवार ह्यांचा, असं करत करत शुक्रवार माझा आणि शनिवार आईंचा. त्या दिवशी नाश्ता त्या माणसाच्या आवडीचा. बाकीच्यांनी नाक मुरडायचं नाही.

चौथी, लाज सोडायची. नागलीची काळी भाकरी म्हणजे गरिबाचं खाणं असं म्हणून आपण ती टाकली. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. गव्हात ह्याच्या निम्मंसुद्धा नसतं! संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा मोठ्या शहरांतल्या दुकानांत नागलीची बिस्किटं झकपक पुड्यांतून आली. आमच्या शिक्षिका म्हणाल्या, 'आईची भाकरी लपवली आणि आता हीच बिस्किटं विकत आणू?' आता त्या डब्यात नागलीची भाकरी नेतात. शाळेतल्या दोघी-तिघी रोज अर्धी मागून घेतात.

दोन नाश्ते, करायला सोपे

कळण्याची भाकरी : चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट काळे उडीद आणि चमचाभर मीठ एकत्र दळून आणा. दळण जास्त दिवसांचं आणू नका. गरम पाण्यात पीठ मळून नेहमीसारखी भाकरी थापा. धान्यात जे कमी असतं ते डाळ भरून काढते, त्यामुळं ही भाकरी अंगाला चांगली लागते. बरोबर लोणी किंवा कच्चं तेल, कांदा आणि मिरचीचा ठेचा. वर लिंबू पिळायला विसरू नका. एक भाकरी खाल्ली तर दुपारपर्यंत भुकेची आठवण होत नाही.

फुणके : तूरडाळ एक वाटी आणि मूगडाळ पाव वाटी तीन-चार तास भिजवा. पाणी पूर्ण निथळून भरड वाटा. आमच्या नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, ती मिळाली तर उत्तमच. वाटणात लसूण, हिरवी मिरची, जिरं, हळद, मीठ, बारीक चिरलेला कांदा आणि भरपूर कोथिंबीर घाला. मुठीत दाबून मुटके करा आणि चाळणीवर पंधरा-वीस मिनिटं वाफवा. गरम गरम कढीबरोबर खा, किंवा कुस्करून वर तेल घाला. रात्री डाळ भिजवून ठेवली तर सकाळी अर्ध्या तासात तयार. तळण नाही, तेल थोडं, आणि पोट भरतं.

अंडी चालत असतील तर एक उकडलेलं अंडं हा सगळ्यांत सोपा नाश्ता. नवापूरकडे कुक्कुटपालन मोठं. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू तिथंच आढळला आणि कितीतरी घरांतून अंडं हद्दपार झालं होतं. भीती ओसरली तसं ते परत आलं. नीट शिजवलेलं असलं की झालं.

आणि गोड? गोड रोज नको, हे तर तुम्ही जाणताच. मधुमेह असेल तर डॉक्टर सांगतील तसंच. पण महिन्यातून एकदा, आपल्या आवडीचं, गरम गरम, बसून, सगळ्यांच्या बरोबर. उरलेलं नव्हे!

आखाजीचा दिवस

आता शेवटचं. मला मांडे येत नव्हते. इतक्या वर्षांत मी पुरण वाटलं, कणीक मळली, पण खापराजवळ सासूबाईच. त्यांचे हात थकल्यापासून गेली काही वर्षं आम्ही मांडे विकतच आणत होतो. मी ठरवलं, शिकायचं. गल्लीतल्या एका मावशींकडे महिनाभर दुपारी जात होते. माझे मांडे कधी फाटत, कधी गोळा होत. मावशी म्हणत, 'कोकणातल्या हाताला नारळ खवायची सवय. हळू हळू!'

आखाजीच्या दिवशी मागच्या अंगणात विटांची चूल मांडली, खापर चढवलं. सासूबाईंना पाटावर आणून बसवलं. पुरुषमंडळींना सांगितलं, आज तुम्ही मागून. आमचे हे काही बोलले नाहीत. आपणच उठून आईसमोर ताट ठेवलं, पाणी ठेवलं आणि रस वाढला.

पहिला मांडा देवाला. त्याला दोन भोकं पडली, पण देव चालवून घेतो.

दुसरा जरा बरा उतरला. सरळ खापरावरून त्यांच्या ताटात. वर तूप टाकलं, ते पसरायच्या आत विरघळलं. त्यांनी बोटानं तुकडा मोडला, रसात बुडवला आणि डोळे मिटून तोंडात घातला. मी आचेसमोर उभी, घामानं निथळत, त्यांच्याकडे पाहत होते. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. अर्धा मांडा खाऊन झाला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं, म्हणतील, छान झाला. त्या म्हणाल्या, 'मीठ कमी शे.'

सगळे खळखळून हसले. मग त्यांनी मला हाताला धरून शेजारी बसवलं, ताटातला उरलेला अर्धा मांडा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, 'तू पह्यले जेवी ले. ह्या खातीन मांगून.' तू आधी जेव. हे खातील मागून.

त्या दिवशी चाळीस नव्हे, चौदाच मांडे झाले. त्यांतले चार पुढं लेकीनं केले, दोन नातवानं फाडले. कुणाचं काही अडलं नाही.

आणि हो, दुसऱ्या दिवशी शनिवार. कागदावर आईंचा वार. मी विचारलं, 'आई, नाश्त्याला काय करू?' त्या म्हणाल्या, 'तो तुना मऊ भात कर. माले दात नहीत.' नवापूरच्या शिक्षिकांनी गावाकडचे नवे तांदूळ दिले होते, तेच काढले. मेतकूट होतंच. दोघी चुलीजवळ नव्हे, टेबलाशी बसून गरम गरम जेवलो. त्यांनी वाटी पुसून खाल्ली. आजारी माणसाचं जेवण, पण आजारी कुणीच नव्हतं!

तेव्हा मैत्रिणींनो, अंक मिटायच्या आधी एवढं करा. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एका कागदावर लिहा. एक नाश्ता, एक गोड. तो कागद स्वयंपाकघरात सगळ्यांना दिसेल असा लावा. आणि मग घरात एखादी म्हातारी सासू असेल, आई असेल, कामाला येणारी बाई असेल, तिला जाऊन विचारा, 'तुम्हांला काय आवडतं?' ती 'काहीही चालतं' म्हणेल. लगेच उठू नका. दोन-तीन दिवस वाट पाहा. उत्तर येतं.